गाठीतला भागीदार कोण?



डिसेंबर महिन्यात बीड जिल्ह्यातील आष्टीहून कड्याच्या रस्त्याला लागलात, तर ज्वारीच्या शेतांच्या जोडीने हरभऱ्याची शेतेही दिसतात. हा टापू अवर्षणाचा. बरीचशी जमीन हलकी आणि मुरमाड. पावसाने ओढ दिली की पीक हातचे जाते आणि खतावर घातलेला पैसाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून खताची गोणी विकत घेताना येथला शेतकरी दहा वेळा विचार करतो. हरभऱ्याच्या बाबतीत मात्र त्याची चिंता थोडी कमी असते. पेरणीच्या वेळी थोडेसे नत्र दिले की पुढची सोय हरभरा स्वतःच करून घेतो. ही सोय कोण करतो, आणि तो नेमका कोण आहे हे कसे ओळखतात, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

मुळावरच्या गाठी

शेताच्या मालकाला विचारून, फुले धरण्याच्या सुमारास हरभऱ्याचे एक रोप घ्या. ते उपटू नका. उपटल्यास आपल्याला जे पाहावयाचे आहे ते मातीतच तुटून राहील. खुरप्याने भोवतालच्या मातीसह रोप उचला, ते बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजू द्या आणि मग हलक्या हाताने मुळे धुवा. मुळांवर लहान लहान गाठी दिसतील. काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतील, तर जुन्या गाठींना फाटे फुटून त्यांचा आकार पंजासारखा झालेला असेल.

आता एक गाठ ब्लेडने मधोमध कापा. आतला भाग गुलाबी दिसला तर समजावे की गाठीत काम चालू आहे. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबीन या प्रथिनाचा. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे हे नात्यातले प्रथिन होय. गाठीत लाखो जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो वायू कोणत्याही वनस्पतीला जसाच्या तसा वापरता येत नाही. हे जिवाणू नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने त्याचे अमोनियात रूपांतर करतात. हे विकर ऑक्सिजनच्या संपर्कात आले की निकामी होते. लेगहिमोग्लोबीन ऑक्सिजनला धरून ठेवते, त्यामुळे विकराला धोका पोहोचत नाही, आणि जिवाणूंना श्वसनापुरता ऑक्सिजनही मिळत राहतो.

या बदल्यात रोप जिवाणूंना राहावयास जागा आणि पानांत तयार झालेल्या साखरेपासून बनलेले अन्न देते. दोघांचाही फायदा होतो, म्हणून या संबंधाला सहजीवन म्हणतात. जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिले की, शेंगवर्गीय पिकांना हवेतील नायट्रोजन मिळतो तो या गाठींमुळेच. १८८८ साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळा काढून वाढविला. पुढच्याच वर्षी फ्रँक यांनी त्याला रायझोबियम हे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे मुळावर जगणारा.

डोळ्यांना न सुटणारे कोडे

समजा, ज्या शेतातून तुम्ही रोप आणले, त्या शेतकऱ्याने पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणूखत चोळले होते. हे खत म्हणजे बारीक भुकटीत मिसळलेले जिवंत रायझोबियम. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम, असे याचे प्रमाण असते. गुळाच्या थंड द्रावणात ते कालवावयाचे, बियाण्याला हलक्या हाताने चोळावयाचे, बियाणे सावलीत सुकवावयाचे आणि लगेच पेरावयाचे. तुमच्यापैकी कित्येकांनी हे काम घरी केलेही असेल.

पीक उगवले, मुळांवर गाठी आल्या. आता सांगा, त्या गाठींत राहणारे जिवाणू पाकिटातले की त्याच जमिनीत आधीपासून राहणारे?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. गाठी जमिनीतल्याच जिवाणूंनी केल्या असतील, तर पाकिटाचे पैसे वाया गेले. आणि जमिनीतले जिवाणू आळशी, पाकिटातले कामसू, असे असूनही आळश्यांनीच जागा बळकावली असेल, तर नुकसान दुहेरी झाले. पण गाठ कितीही निरखून पाहिली तरी तिच्यावर आतल्या रहिवाशाचे नाव लिहिलेले नसते.

स्पर्धा किती तीव्र असते याचा अंदाज गणिताने करू. नियमाप्रमाणे भुकटीच्या जिवाणूखतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत रायझोबियम असावे लागतात. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात झाले १२५० कोटी. हरभऱ्याचे १०० दाणे साधारण २० ग्रॅम भरतात असे धरले, तर १० किलोत ५०,००० दाणे होतात. भागाकार केल्यास प्रत्येक दाण्याच्या वाट्याला अडीच लाख जिवाणू येतात. ही संख्या मोठी वाटते, नाही का?

आता जमिनीकडे पाहा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. या मातीच्या दर ग्रॅममध्ये हरभऱ्यावर गाठी करणारे फक्त १,००० जिवाणू आहेत असे मानू. तरी एकूण संख्या २ लाख कोटी भरते. एका हेक्टरला ७० किलो बियाणे, म्हणजे ७ पाकिटे धरली, तर पाकिटांतून आलेले जिवाणू झाले ८,७५० कोटी. म्हणजे एका पाहुण्यामागे यजमान जवळजवळ २३! पाहुण्याच्या बाजूने एकच गोष्ट असते. तो दाण्याला चिकटलेला असल्यामुळे मूळ फुटताच अगदी जवळ असतो. या शर्यतीत कोण जिंकला, हे ओळख पटविल्यावाचून कळणार नाही.

पूर्वी ओळख कशी पटवीत?

आरंभी शास्त्रज्ञ यजमान वनस्पतीवरून जिवाणूला नाव देत. वाटाण्यावर गाठी करणारा एका जातीचा, घेवड्यावर करणारा दुसऱ्या, लसूणघासावर करणारा तिसऱ्या. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांवर एकमेकांचे जिवाणू चालतात, म्हणून त्यांचा एक गट मानला गेला. हरभऱ्याचा गट मात्र स्वतंत्र. तुरीच्या जिवाणूखताचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही, ते यामुळेच. व्यवहारात ही विभागणी आजही उपयोगी पडते.

दुसरी पद्धत वाढीची. गाठ स्वच्छ धुऊन, तिचा पृष्ठभाग अल्कोहोल व निर्जंतुक द्रावणाने साफ करून ती ठेचतात आणि आतला द्रव साखर व यीस्टचा अर्क असलेल्या घट्ट खाद्यावर पसरतात. काही जिवाणूंच्या चिकट, चकचकीत वसाहती तीन-चार दिवसांत दिसू लागतात, तर काहींना आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या फरकाच्या आधारे १९८२ साली सावकाश वाढणाऱ्यांना ब्रॅडीरायझोबियम हे वेगळे नाव मिळाले. हरभऱ्याचा जिवाणू १९९४ साली रायझोबियम सिसेरी या नावाने नोंदला गेला. पण त्याची वाढ मधल्या वेगाची आणि वंशही निराळा, असे दिसल्याने १९९७ साली त्याला मेसोरायझोबियम या नव्या घराण्यात हलविले. मेसो म्हणजे मधला.

पण दिसणे, वाढीचा वेग आणि यजमान यांवरून आपण फार तर घराण्यापर्यंत पोहोचतो. एकाच जातीच्या दोन जिवाणूंपैकी पाकिटातला कोणता, हे त्यातून सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी जिवाणूच्या डीएनएतील मजकूरच वाचावा लागतो.

वंश सांगणारे जनुक

डीएनए ही चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ आहे, असे समजा. हरभऱ्याच्या मेसोरायझोबियमच्या डीएनएत अशी सुमारे ७० लाख अक्षरे असतात. ती सगळी वाचणे आज शक्य आहे, पण प्रत्येक वेळी त्याची गरज नसते. ओळख पटविण्यासाठी प्रथम एकच जनुक वाचतात. त्याचे नाव १६-एस जनुक. त्यात सुमारे दीड हजार अक्षरे असतात.

हेच जनुक का? प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात, आणि जिवाणूंच्या रायबोसोमचा एक आवश्यक भाग या जनुकावरून तयार होतो. आजीच्या घरचे जाते आठवा. दोन तळ्या, मधला खुंटा, पीठ पडण्याची फट, हे भाग कुठल्याही गावी गेलात तरी सारखेच. ते बदलले तर दळण होणार नाही. पण कडेवरची नक्षी पाथरवटाप्रमाणे बदलते. १६-एस जनुकाचेही तसेच आहे. त्याचे काही भाग सर्व जिवाणूंत जवळजवळ एकसारखे असतात; कारण ते बदलले तर प्रथिने बनणे थांबेल. मधले काही भाग मात्र पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू बदलत राहतात. दोन जिवाणूंच्या या बदलणाऱ्या भागांत जितके फरक कमी, तितके त्यांचे नाते जवळचे. १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील याच मजकुराची तुलना करून सूक्ष्मजीवांचे एक संपूर्ण निराळे साम्राज्य ओळखून दाखविले. तेव्हापासून जिवाणूंची वंशावळ लावण्याचे हे मुख्य साधन झाले.

एकाचे शंभर कोटी

जिवाणूतील या जनुकाच्या प्रती इतक्या थोड्या असतात की त्या सरळ वाचता येत नाहीत. त्या वाढवाव्या लागतात. ही युक्ती कॅरी मुलिस यांना १९८३ साली सुचली आणि १९९३ साली त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तिला पीसीआर असे म्हणतात. करोनाच्या साथीत हे नाव तुम्ही ऐकले असेलच.

एका छोट्या नळीत जिवाणूचा डीएनए, चार अक्षरांचा सुटा साठा, डीएनए जोडणारे विकर आणि सुमारे वीस-वीस अक्षरांचे दोन तुकडे घेतात. हे तुकडे १६-एस जनुकाच्या दोन टोकांच्या न बदलणाऱ्या भागांशी जुळणारे असतात. त्यांचे काम कुठून कुठपर्यंत नक्कल करावयाची ते दाखविण्याचे. नळी सुमारे ९४ अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ५५ अंशांच्या आसपास थंड केली की ते छोटे तुकडे आपापल्या जागी चिकटतात. पुन्हा ७२ अंशांपर्यंत नेली की विकर पुढची अक्षरे जोडत जाते. एका फेरीत एकाचे दोन, दुसऱ्या फेरीत चार, तिसऱ्या फेरीत आठ. अशा ३० फेऱ्या झाल्या तर? २ चा ३० वा घात करून पाहा. उत्तर येते १,०७,३७,४१,८२४. एका प्रतीपासून दोन-तीन तासांत शंभर कोटींहून अधिक प्रती!

या प्रतींतील अक्षरांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली शोधलेल्या पद्धतीने वाचता येतो. मिळालेली ओळ जगभरच्या जिवाणूंच्या नोंदींशी संगणकावर ताडून पाहतात. हे काम आपल्या राज्यातही चालते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात २००९ साली सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह सुरू झाला. तेथे देशभरातले जिवाणू जतन करून ठेवले जातात आणि त्यांची ओळखही पटविली जाते.

मात्र १६-एस जनुक म्हणजे आडनावासारखे आहे. एका गावात एका आडनावाची पन्नास घरे असतात. नुसत्या आडनावावर टपाल योग्य घरी पोहोचत नाही. मेसोरायझोबियमच्या कित्येक जातींत या जनुकाची अक्षरे जवळजवळ सारखीच असतात. म्हणून डीएनएची दुरुस्ती करणारे किंवा पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या यंत्रणेचे, अशी आणखी काही जनुके वाचतात. ती थोडी लवकर बदलतात, त्यामुळे जवळच्या जातीही वेगळ्या काढता येतात.

एकाच जातीतील दोन वाण वेगळे ओळखावयाचे असतील, तर आणखी एक युक्ती करतात. जिवाणूच्या डीएनएत ठिकठिकाणी काही ठरावीक अक्षरओळी पुन्हा पुन्हा येतात. दोन ओळींमधले अंतर प्रत्येक वाणात निराळे असते. पीसीआरने या मधल्या तुकड्यांच्या प्रती काढून त्या जेलीसारख्या पातळ चकतीवर ठेवतात व विजेचा प्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण भार असल्याने तुकडे धन टोकाकडे सरकतात. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात, आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते. अंगठ्याच्या ठशासारखी ही नक्षी वाणाची खूण होय. पाकिटातल्या जिवाणूची नक्षी आणि गाठीतल्या जिवाणूची नक्षी शेजारी शेजारी ठेवली की आपले कोडे सुटले!

सुटले का खरोखर? थोडे थांबा.

वंश एक, कसब दुसरे

आतापर्यंत आपण जी जनुके वाचली, ती जिवाणूच्या वंशाची होती. पण गाठ तयार करणे आणि नायट्रोजन स्थिर करणे ही कामे वेगळी जनुके करतात. मुळाला ओळखीची खूण पाठवून गाठ बनविण्याचे काम नॉड जनुकांचे, तर नायट्रोजिनेज बनविण्याचे काम निफ जनुकांचे. मेसोरायझोबियममध्ये बहुधा ही जनुके डीएनएच्या एका सलग तुकड्यात एकत्र असतात. या तुकड्याला सहजीवनाचे बेट म्हणतात, आणि हे बेट एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते!

याचा शोध न्यूझीलंडमध्ये लागला. तेथील एका कुरणात लोटस नावाचे शेंगवर्गीय गवत लावले होते. त्या जमिनीत लोटसवर गाठी करणारे जिवाणू मुळीच नव्हते, म्हणून बियाण्याला एकाच वाणाचे जिवाणू लावले. सात वर्षांनी गाठी तपासल्या तेव्हा त्यांत वेगवेगळ्या वंशांचे जिवाणू निघाले. ते सगळे आले कोठून? १९९५ साली सुलिव्हन, रॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले. हे जिवाणू त्याच जमिनीतले होते. आधी त्यांना गाठ करता येत नव्हती. बाहेरून आणलेल्या वाणाने आपले बेट, सुमारे ५ लाख अक्षरांचा मजकूर, त्यांना दिला होता. आपण पेरला जिवाणू, आणि जमिनीत पसरले त्याचे कसब!

हेच हरभऱ्याच्या बाबतीतही घडते. ऑस्ट्रेलियात हरभरा हे बाहेरून आलेले पीक. तेथे अनेक दशके बियाण्याला मेसोरायझोबियम सिसेरीचा एकच वाण लावला जात आहे. तेथील शेतांमधल्या गाठी तपासल्या तेव्हा मूळ वाणाखेरीज इतर वंशांचे जिवाणूही सापडले, आणि त्यांच्याजवळ मूळ वाणाचेच बेट होते. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, २०१९ साली, भारतासह अनेक देशांतील हरभऱ्याच्या गाठींतून मिळालेल्या १,०२७ जिवाणूंचा डीएनए वाचण्यात आला होता. तेथेही असेच दिसून आले. जिवाणूंचे वंश नाना प्रकारचे, पण सहजीवनाची जनुके असलेली बेटे मात्र एकमेकांशी नात्यातली.

कसबाची ही देवघेव नेहमी फायद्याचीच ठरते असे नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेरूला नावाच्या चाऱ्याच्या पिकाला एक चांगला वाण लावला होता. सहा वर्षांनी तेथे बेट मिळविलेले नवे जिवाणू सापडले. ते गाठी करीत होते, पण त्यांतले काही नायट्रोजन स्थिर करण्यात फार कमी पडत होते. गाठ बनली, रोपाने अन्न दिले, पण परतफेड झाली नाही. याचा अर्थ असा की निफ जनुके असणे एक आणि त्या रोपात ती नीट काम करणे दुसरे.

मग गाठीतल्या भागीदाराची खरी ओळख पटविण्यासाठी कोणते प्रश्न विचारावे लागतात? ते असे :

(अ) त्याचे घराणे कोणते? उत्तर : १६-एस जनुक.
(ब) जात कोणती? उत्तर : त्याहून लवकर बदलणारी इतर जनुके.
(क) वाण कोणता? उत्तर : पट्ट्यांची नक्षी किंवा संपूर्ण डीएनए.
(ड) कसब आहे का? उत्तर : नॉड आणि निफ जनुके.
(इ) तो काम करतो का? उत्तर : रोप.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डीएनएच्या कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. ते हिरव्यागार पानांतून आणि गुलाबी गाठीतून मिळते.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय?

पाकीट विकत घेणाऱ्याला आत कोण आहे हे दिसत नाही. त्याला विश्वासावर पैसे मोजावे लागतात. म्हणून २००६ सालापासून जिवाणूखतांचा समावेश खत नियंत्रण आदेशात झाला आहे. त्यात दर ग्रॅममधील जिवंत जिवाणूंची किमान संख्या सांगितली आहे. शिवाय पाकिटावर ज्या पिकांची नावे छापली आहेत, त्या पिकांवर हा जिवाणू परिणामकारक गाठी करतो असे दिसले पाहिजे, अशीही अट आहे. म्हणजे नियमानेही शेवटची साक्ष रोपाचीच मागितली आहे. नाव आणि संख्या या दोन्ही गोष्टी बरोबर असून काम नसेल, तर ते खत खरे नव्हे.

दुसरा उपयोग याहून मोठा आहे. आष्टीसारख्या भागात उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर किती तापतो आणि किती कोरडा पडतो, हे तुम्हाला सांगावयास नको. अनवाणी चालून पाहिले की कळते! अशा जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहिलेले जिवाणू काटक असणारच. त्यांतून चांगले काम करणारे वाण निवडून त्यांचेच खत तयार केले, तर शर्यतीत पाहुणा आणि यजमान असा भेद उरणार नाही. पण त्यासाठी शेकडो गाठींतून शेकडो जिवाणू वेगळे काढावे लागतात, कोण कोणाचा हे ओळखावे लागते, आणि प्रत्येकाचे काम रोपावर तपासावे लागते. ओळख पटविल्यावाचून निवड करता येत नाही. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, बदनापूरचे कडधान्य संशोधन केंद्र, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ ही नावे तुम्ही ऐकली असतील. शेती आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोहोंची आवड असणाऱ्या विद्यार्थ्याला अशा संस्थांत पुष्कळ काम आहे.

तोवर पाकीट वापरताना घरच्यांना तीन गोष्टी जरूर सांगा. पाकीट उन्हात ठेवू नये. त्यावरची मुदतीची तारीख पाहावी. आणि बियाण्याला बुरशीनाशक लावावयाचे असेल, तर ते आधी लावून सुकवावे आणि जिवाणूखत सर्वांत शेवटी लावावे. आतला माल जिवंत आहे, हे विसरू नये.

करून पाहा

साहित्य : चार रिकामे डबे, नदीची वाळू, हरभऱ्याच्या शेतातील माती, हरभऱ्याच्या जिवाणूखताचे पाकीट, औषध न लावलेले हरभरे.

डब्यांच्या तळाला भोके पाडा आणि डबे उकळत्या पाण्याने धुवा. वाळू धुऊन, मोठ्यांच्या मदतीने कुकरमध्ये तासभर वाफवून घ्या व झाकून थंड होऊ द्या. पहिल्या डब्यात फक्त ही वाळू भरा. दुसऱ्या डब्यात वाळू भरून तीत दोन चमचे शेतातील माती मिसळा. तिसऱ्या डब्यातही वाळूच भरा, पण त्यात पेरावयाच्या दाण्यांना जिवाणूखत चोळा. चौथ्या डब्यात शेतातली माती भरा आणि खत चोळलेले दाणे पेरा. पहिल्या डब्याला इतर डब्यांचा हात लागू देऊ नका. त्याचे दाणे सर्वांत आधी पेरा. सर्व डबे उन्हात ठेवा आणि उकळून थंड केलेले पाणी घाला. पाच-सहा आठवड्यांनी रोपे काढून मुळे धुवा. गाठी मोजा, कापून रंग पाहा आणि तक्ता तयार करा.

स्वाध्याय

१. पहिल्या डब्यात गाठी आल्या तर प्रयोगात कोठे चूक झाली असावी?
२. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यांतील गाठी कोणत्या जिवाणूंनी केल्या, हे डीएनए न वाचताही का सांगता येते?
३. चौथ्या डब्याबद्दल तसे का सांगता येत नाही?
४. चौथ्या डब्यातील एका गाठीतून मिळालेल्या जिवाणूची नॉड जनुके पाकिटातल्या जिवाणूशी तंतोतंत जुळली, पण पट्ट्यांची नक्षी जुळली नाही. काय घडले असावे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला स्वतःच्या शब्दांत लिहिता आले, तर आजचा पाठ तुम्हाला समजला असे खुशाल समजा.